साडूचं मऊ पाणी

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जिथे जिथे हॉटेलातला टॉवेल गालाला मऊ लागतो, कँटीनची डाळ वेळेवर शिजते आणि बॉयलर कुरकुर न करता वाफ देतो, तिथे तिथे आपला हात फिरलेला आहे, असं माझ्या साडूचं म्हणणं आहे. ही नुसती थाप असती तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं. माझी तक्रार अशी की ते बऱ्याच अंशी खरं आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धंदा वॉटर सॉफ्टनरचा. बोअरचं किंवा टँकरचं कडक पाणी घ्यायचं, त्यातला चुना काढून घ्यायचा आणि ते मऊ करून द्यायचं. गिऱ्हाईक म्हणजे लॉन्ड्र्या, हॉटेलं, हॉस्पिटलं, कापड रंगवणारे कारखाने. हा मशीन विकतो, बसवतो, आणि बसवल्यावर लेक सासरी दिल्यासारखा तिची खबरबात घ्यायला जात राहतो. आता गंमत बघा. आमच्या अख्ख्या खानदानात पहिला ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम हे सगळं मी रीतसर शिकलो, त्याचे मार्क घेतले, आणि मग अंधेरीच्या एका विमा कंपनीत चिकटून ते विसरण्याचा पगार खात बसलो. साडूने कॉलेज मधेच सोडलं, तेही कॉमर्सचं. ज्या चुन्याची समीकरणं मी पाठ केली, त्या चुन्यावर याचं घर चालतं, गाळा चालतो आणि दर दिवाळीला सासुरवाडीत याचा जयजयकार होतो. पुस्तकात या कडक पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात, असं मी एकदा मुद्दाम चारचौघांत सांगितलं. तर म्हणतो, "साडूभाऊ, हे नाव ऐकलं तर गिऱ्हाईक आंघोळच सोडेल." सगळे हसले. माझी बायको सगळ्यांत जास्त.

त्याचं हात धुणं हा बघण्यासारखा कार्यक्रम असतो. कुठल्याही हॉटेलात गेलो की आम्ही मेनू कार्ड उघडतो, हा आधी बेसिन गाठतो. साबण घेऊन तळवे चोळतो, फेस येतो का, आला तर टिकतो का, हे तोंडासमोर हात धरून निरखत उभा राहतो. मागे रांग लागते. एकदा एक काका वैतागून म्हणाले, "काय हो, ऑपरेशन करायचंय का?" याने त्यांनाच पुढे ओढलं. "काका, तुम्ही चोळून बघा. फुटतंय ना दुधासारखं? हा फेस नाही, हा साका आहे. शंभर टक्के बोअर." काकांनी चोळलं. मग काका आणि हा मिळून मॅनेजरला शोधायला गेले. अर्ध्या तासाने मॅनेजर स्वतः आमच्या टेबलाशी आला आणि "सर, गुलाबजाम आमच्याकडून" म्हणाला. मी इतकी वर्षं त्याच हॉटेलात जातोय, मुकाट्याने हात धुतोय, बिल भरतोय. मला कुणी फुकट बडीशेपसुद्धा जास्त दिलेली नाही.

घाटकोपरला बायकोच्या मावसभावाचं लग्न होतं. पंगत काही बसेना. आत आचारी वाण्याला शिव्या देत होता, कारण डाळ शिजत नव्हती. कुणाच्या लक्षात यायच्या आत साडू फेट्यासकट स्वयंपाकघरात शिरला, डावाने दोन दाणे काढून बोटात दाबले आणि म्हणाला, "महाराज, डाळीला बोलू नका, बिचारी काय करणार? हॉलचं पाणी बघा." पिण्याच्या पाण्याचे जार पातेल्यात रिकामे करायला लावले, नवी डाळ चढवली, पंगत बसली. हॉलवाल्याने पुढच्याच महिन्यात सॉफ्टनर बसवून घेतला. आम्ही लग्नाला आहेर घेऊन जातो, हा ऑर्डर घेऊन येतो. त्या लग्नाच्या अल्बममध्ये माझा एकच फोटो आहे, तोही पाठमोरा, आणि माझ्या समोर उभा राहून कॅमेऱ्याकडे बघून हसणारा माणूस कोण, ते सांगायला नको.

शर्टाच्या खिशात लोकांकडे पेन असतं, याच्या खिशात तपासणीची बाटली असते. सासूबाईंच्या वाढदिवसाला याने केक कापायच्या आधी दोन ग्लास मागवले. एकात बिल्डिंगच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात स्वतः आणलेलं मऊ पाणी. दोन्हींत औषधाचे थेंब टाकले. पहिलं झालं दारूसारखं लाल, दुसरं आकाशासारखं निळं. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला हाच प्रयोग मी घामाघूम होऊन केला होता, तेव्हा परीक्षकाने जांभई दिली होती. त्याच दिवशी याने सासूबाईंना भेट काय दिली, तर कुठल्याशा बॉयलरच्या पाइपातून निघालेली चुन्याची खपली, वितभर लांब. "आई, बघा, माणसाच्या पोटात असं साचलं असतं तर?" सासूबाईंनी ती खपली शोकेसमध्ये ठेवली, माझ्या पदवीदानाच्या फोटोला टेकवून. फोटो उभा राहायला तिचा उपयोग होतो, असं त्यांचं म्हणणं.

बरं, लबाड असता तरी मनाचं समाधान झालं असतं. तेही नाही. साकीनाक्याच्या एका लॉन्ड्रीवाल्याला हा समजावून सांगत होता, ते मी ऐकलंय. "शेट, या टाकीत बारीक मणी आहेत. पाणी जाताना त्यातला चुना हे मणी पकडून ठेवतात. पकडून पकडून यांचे हात भरले की यांना मिठाचं पाणी पाजायचं. चुना सोडून देतात, परत ताजेतवाने. आपल्याला रविवार लागतो ना? यांचा रविवार म्हणजे मीठ." हे मला वर्गात कुणी असं सांगितलं असतं तर मी विमा कंपनीत गेलो नसतो. आणि बोरिवलीचा एक हॉटेलवाला ऑर्डर द्यायला हटून बसला, तर याने त्याचं पाणी तपासून त्यालाच झापलं. "तुमच्याकडे महापालिकेचं तलावाचं पाणी येतं. मऊच आहे. मी मशीन विकलं तर रात्री झोप नाही लागणार मला." हॉटेलवाल्याने आपल्या तीन मित्रांना याचा नंबर दिला. पाण्याच्या बाबतीत हा माणूस बापालाही सवलत देणार नाही, असं लोक म्हणायचे. त्याच्या बापाचं मला ठाऊक नाही. पुढचं सगळं माझ्या बापावरून घडलं.

आबा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर भांडुपच्या मिठागरात राबले. वाफ्यातलं मीठ ओढून, डोक्यावरून वाहून त्यांनी मला शिकवलं, आणि मी शिकलो ते मुख्यतः त्या मिठापासून लांब जायला. नोकरी लागल्यावर पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर आबांचं आगरात जाणं बंद केलं. आई गेल्यापासून ते मुलुंडला आमच्याकडे राहतात. त्यांना स्वतंत्र खोली आहे, पंखा आहे, टीव्ही आहे. बोलणं मात्र नव्हतं. "जेवलात?" "हां." "गोळी घेतली?" "हां." यापुढे आमची गाडी कधी सरकली नाही. मी समजायचो, आबा मुळातच कमी बोलतात.

एका रविवारी साडू जेवायला आला तो कागदाच्या तीन पुड्या घेऊन. त्याला त्याच्या मशीनसाठी कायम मीठ लागतं, गोण्याच्या गोण्या. पुड्या आबांसमोर उलगडून म्हणाला, "आबा, जरा बघून सांगा. यातलं बरं कुठलं?"

आबांनी पहिल्या पुडीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्ये मीठ नाय. पावडर हाय." दुसरं त्यांनी नुसतं चोळून टाकून दिलं. तिसरं होतं भाईंदरकडचं, करड्या रंगाचं, जाडं. आबांनी ते तळहातावर घेतलं, हुंगलं आणि चक्क हसले. "ह्याला वास हाय बघ."

"कसला वास, आबा?"

बस, एवढंच विचारलं त्याने. आणि आबा जे सुरू झाले ते चहाची वेळ टळून गेली तरी थांबेनात. उन्हात मीठ डोळ्यांत कसं घुसतं, खाडीचं पाणी वाफ्यात कुठल्या वाऱ्याला लवकर सुकतं, आणि आई दुपारी डबा आणायची तो मुद्दाम अळणी. आबा बांधावर बसून वाफ्यातली चिमूट उचलायचे आणि कालवणात टाकायचे. "तिला बोललो हुतो, घरचं मीठ घालू नको. हितलं ताजं हाय." माझी आई अळणी डबा घेऊन उन्हात चालत जायची, हे मला माझ्या साडूच्या पुडीमुळे कळलं. मी दारात उभा राहून ऐकत होतो.

मग आबा त्याच्याबरोबर जायला लागले. आधी महिन्यातून एखाद वेळ, मग आठवड्याला, मग रोज. सकाळी खाली हॉर्न वाजला की आबा माझ्याआधी तयार. डोक्यावर हेल्मेट, खिशात पुड्या, स्कूटरवर मागे. संध्याकाळी येत तेव्हा पायजम्याला पांढरी धूळ आणि अंगाला लॉन्ड्रीच्या वाफेचा वास. ज्या मिठातून मी त्यांना बाहेर काढलं, त्यात ते पुन्हा हसत हसत शिरले होते. शेवटी मी साडूला फोनवर गाठलंच.

"या वयात तुम्ही माझ्या वडिलांना गोण्या उचलायला लावता?"

"उचलायला?" तो म्हणाला. "साडूभाऊ, आबा गोणीवर बसतात. उचलतो मी. आणि कशी उचलायची यावर शिव्या खातो."

मग एका संध्याकाळी आबांनी जेवताना बॉम्ब टाकला. साडूच्या नाहूरच्या गाळ्याला वर एक खोली होती. "मी तिथंच ऱ्हायीन म्हनतो. रोज जा-ये कशाला?"

बायकोने वाढता वाढता हात थांबवला. सख्खा मुलगा, स्वतःचा फ्लॅट असलेला, ग्रॅज्युएट, जिवंत असताना बाप मुलाच्या साडूकडे राहायला जाणार! लोकांना काय सांगायचं? लोकांचं सोडा. मला कळेना, त्या माणसाकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही. "इथे काय कमी आहे तुम्हाला, आबा?" मी विचारलं. आबा विचार करून म्हणाले, "कमी काय नाय." आणि उठून हात धुवायला गेले. याच्यापेक्षा दोन थपडा मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसातून थेट मरोळच्या लॉन्ड्रीत गेलो. साडू आणि आबा तिथे असणार, हे ठाऊक होतं. मनाशी ठरवलं होतं, गिऱ्हाइकासमोर याची चांगली हजेरी घ्यायची. पण माझ्याआधीच कुणीतरी घेत होतं. ही लॉन्ड्री हॉस्पिटलच्या चादरी धुते. मालकीणबाई हातात एक चादर घेऊन साडूसमोर उभ्या होत्या.

"हात लाव! लाव ना! पत्रा झालाय नुसता. हॉस्पिटलने गाडीभर परत पाठवल्यात. पेशंटला टोचतात म्हणे. माझी वाट लागली यार! तू म्हणालास म्हणून मी मशीन घेतलं ना?"

साडूने पाण्यात थेंब टाकले. लालभडक. मग त्याने मिठाच्या टाकीचं झाकण काढलं, बाही वर करून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तळातून मूठभर काढून दाखवलं. काळा चिखल. त्याने नळी बुजली होती, मण्यांना मीठ पोचतच नव्हतं, आणि कडक पाणी तसंच्या तसं चादरींवर जात होतं. टाकीशेजारी गोणी उघडी पडली होती. भाईंदरचं करडं मीठ. आबांच्या पसंतीचं.

मला एका क्षणात सगळं कळलं. खाडीचा वास आणि चव माणसाला चालते, मशीनला नाही. मशीनला धुतलेलं, निर्मळ मीठ लागतं. त्यात माती नको, मॅग्नेशियम नको. आबांनी मशीनसाठी मीठ निवडलं होतं ते जिभेवर ठेवून. आणि पाण्याच्या बाबतीत कुणाची गय न करणाऱ्या माझ्या साडूला हे ठाऊक नव्हतं, असं होणं शक्यच नव्हतं.

"हे असलं मीठ आणलं कुणी?" बाईंनी विचारलं.

आबा गोणीजवळ उभे होते. त्यांचा चेहरा त्या चादरीसारखा झाला होता. त्यांनी तोंड उघडलं. मीही उघडलं, कारण मॅग्नेशियमबद्दल इतक्या वर्षांनी मला बोलायला मिळत होतं.

"मी आणलं," साडू म्हणाला. "स्वस्तात मिळालं, मोह झाला. चूक माझी, ताई. टाकी मी साफ करतो, चादरी माझ्या खर्चाने परत धुवा."

बाई त्याला नको नको ते बोलल्या. स्वस्ताच्या मोहाने गिऱ्हाइकाला बुडवलं, असं ऐकून घेणं या माणसाला किती लागत असेल, ते मी ओळखत होतो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, की चिखल उडाला होता, कोण जाणे. ऐकून घेतलं आणि टाकी उपसायला बसला. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो ना." तो वर न बघता म्हणाला. "पण आबा इतके खुश होते हो त्या दिवशी. म्हटलं, एका टाकीत चालून जाईल."

त्याच्यावर चिडायला आलो होतो. चिडलोही. पण वेगळ्याच गोष्टीसाठी. माझ्या बापासाठी खोटं बोलायची पाळी आली, तर ते बोलायचा पहिला हक्क माझा होता. तोही याने घेतला.

आबा माझ्याबरोबर रिक्षाने घरी आले. पवईच्या पुढे म्हणाले, "पावन्याने माझ्यापायी खोटं सांगितलं."

"हो."

"त्याच्या जागी तू असतास तर खरं बोलला असतास." आणि माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "शिकलेला हायस तू." हे त्यांनी अभिमानाने म्हटलं. खरोखर अभिमानाने. म्हणून तर ते अजून टोचतं.

नाहूरच्या खोलीचा विषय संपला. सकाळी हॉर्न वाजला तरी आबा उठेनात. "मना काय कळतंय आता," एवढंच म्हणाले. मला हवं होतं तसंच झालं होतं. बाप माझ्या घरात, माझ्या पंख्याखाली, माझ्या टीव्हीसमोर. "जेवलात?" "हां." "गोळी?" "हां." चार दिवस मी ते सहन केलं, आणि मग जी गोष्ट मी जन्मात करणार नाही असं मला वाटत होतं ती केली. साडूला फोन लावला. "या ना जरा घरी," मी म्हणालो. "तुमच्याशी बोलतात ते."

आला. पण समजूत घालायला आला नाही. त्या लबाडाने सासूबाईंनाच बरोबर आणलं, कैऱ्यांच्या पिशवीसकट. "आबा, त्या भाईंदरच्या गोण्या पडल्यात गाळ्यात. मशीनला नाही चालत, ते माझं मी बघतो. पण लोणच्याला कसं काय?"

आबा पडल्या जागेवरून म्हणाले, "लोनच्याला? अरं, लोनच्याला त्याच्यापरीस दुसरं हायेच काय?"

"मग किती घालायचं, ते सांगायला चला. यांना नाही जमत." सासूबाईंनी हे ऐकून घेतलं, यावरून जावई कुठला लाडका, ते समजा. आबा उठून बसले.

आता नाहूरच्या गाळ्यात गोण्यांच्या दोन थप्प्या आहेत. कुणी आलं की आबा हात करून दाखवतात, "ह्ये मशीनचं. ह्ये मानसाचं." साडूच्या गिऱ्हाइकांच्या घरी, कँटीनमध्ये, त्या मरोळच्या मालकीणबाईंकडेसुद्धा आबांच्या मिठातलं लोणचं मुरतंय. वरच्या खोलीत मी स्वतः जाऊन पंखा लावून दिला. सोमवारी सकाळी आबा जातात, शनिवारी संध्याकाळी येतात. शेजारी विचारतात, "आबा दिसले नाहीत?" "साडूच्या गाळ्यावर असतात" हे वाक्य मला अजून एका दमात म्हणता येत नाही.

पण शनिवारी जेवताना आबा बोलतात. आमटी निवेपर्यंत बोलतात. कुठल्या हॉटेलच्या आचाऱ्याने लोणच्यासाठी बरणी पाठवली, कुठे बॉयलरवाल्याशी पावन्याचं वाजलं, पावना भर सभेत साबण कसा चोळत बसला. प्रत्येक गोष्टीत पावना असतोच. त्याच्याशिवाय त्यांची एक गोष्ट पुढे सरकत नाही. मी मधे बोलत नाही. पोट भरलेलं असलं तरी आणखी थोडा भात मागून घेतो, म्हणजे ते उठणार नाहीत. आणि खाली मान घालून कालवत ऐकत राहतो, की एखाद्या तरी गोष्टीत, कुठे बाजूला का होईना, आपलं नाव येतंय का.